प्रकाशाची कळ : अर्धसंवाहक लेसर व विरूपक ह्यांच्या इतिहासाचे खामगावहून केलेले अवलोकन

१

संदेशवहनाच्या इतिहासाची मांडणी सामान्यतः माध्यमांच्या क्रमाने केली जाते. प्रथम जासूद, मग लोखंडाची व तांब्याची तार, त्यानंतर बिनतारी लहरी आणि सर्वांत शेवटी काचेचा तंतू, असा तो क्रम असतो. ही मांडणी सोयीची आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट दृष्टीआड होते. माध्यम स्वतः काहीच बोलत नसते. तारेतून एकसारखा वाहणारा विद्युत्प्रवाह अथवा तंतूतून एकसारखा वाहणारा प्रकाश ह्यांत संदेश म्हणून काही नसते. त्या एकसारखेपणात कोणी हेतुपूर्वक बदल घडवून आणला, म्हणजेच संदेश निर्माण होतो. हा बदल घडविणारे जे साधन, त्यास प्रस्तुत निबंधात आपण 'कळ' म्हणू. तारयंत्राची पितळी कळ हे त्याचे सर्वांत साधे रूप, आणि आजच्या प्रकाशीय संदेशवहनातील विरूपक हे त्याचे सर्वांत प्रगत रूप होय.

विषय भौतिकशास्त्राचा असता भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, मानवी उच्चारणाची घडण नेमकी ह्याच तत्त्वावर झालेली आहे. कंठातील स्वरतंतूंच्या कंपनामुळे घोष उत्पन्न होतो. तो केवळ वाहक होय. जीभ, टाळू, दात व ओठ त्याला निरनिराळी रूपे देतात, तेव्हा भाषा होते. घोष सर्वांचा जवळपास सारखाच; भेद पडतो तो मुखातील व्यापारामुळे. प्रकाशीय संदेशवहनाचा इतिहास हा देखील प्रकाश मिळविण्याचा इतिहास जितका आहे, त्याहून अधिक तो प्रकाशाला बोलते करण्याचा इतिहास आहे. हे विधान महाराष्ट्रातील काही प्रत्यक्ष घटनांच्या आधारे तपासून पाहावयाचे, आणि त्यातून आपल्या परिभाषेविषयी व आपल्या स्थितीविषयी काय निष्पन्न होते त्याचा विचार करावयाचा, हा येथील उद्देश आहे.

२

प्रारंभासाठी बुलढाणा जिल्ह्यातील खामगावची निवड करण्यास सबळ कारण आहे. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे इंग्रज व्यापाऱ्यांचे लक्ष वळले. खामगाव (हे तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, बुलढाणा जिल्ह्यात ते १९०५ मध्ये आले) ही वऱ्हाडातील कापसाची एक मोठी बाजारपेठ बनली. जलंब स्थानकापासून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटर लांबीचा लोहमार्ग बांधण्यात आला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ह्यांनी तेथे येऊन त्याचे उद्घाटन केले. आदल्याच वर्षी सुएझचा कालवा खुला झाला होता. त्याच १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' ह्या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन अशी समुद्रतार टाकली आणि तांबड्या समुद्राच्या मार्गाने मुंबई व इंग्लंड ह्यांचा तारसंबंध जुळला. लिव्हरपूलच्या बाजारातील भावाची बातमी वऱ्हाडच्या बाजारपेठेत आता आठवड्यांनी नव्हे तर तासांच्या हिशेबाने येऊ लागली.

ह्या घटनेचे दोन अंग विचारात घेण्याजोगे आहेत. पहिले तांत्रिक. तारेतून जाणारा विद्युत्प्रवाह अतिशय वेगवान असला, तरी संदेशाचा वेग कळ दाबणाऱ्या हाताइतकाच राही. कुशल तारमास्तर मिनिटाला वीस-पंचवीस शब्द पाठवू शके. त्यापलीकडे तार कितीही चांगली असली तरी उपयोग नसे. म्हणजे मर्यादा माध्यमाची नसून कळेची होती. दुसरे अंग आर्थिक. भाव खामगावास कळे, परंतु तो खामगावात ठरत नसे. शेतकरी तारेच्या ह्या टोकाला होता; कळ त्याच्या हाती नव्हती. तारेने त्याला जगाशी जोडले हे खरे, परंतु ते जोडणे ऐकणाऱ्याचे होते, बोलणाऱ्याचे नव्हते. हा भेद पुढील सर्व विवेचनात वाचकांनी ध्यानात ठेवावा.

३

प्रकाशावर आवाज चढवून पाठविण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. खामगावच्या लोहमार्गानंतर दहाच वर्षांनी, म्हणजे १८८० मध्ये, अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्याने वॉशिंग्टन येथे 'फोटोफोन' नावाचे यंत्र सिद्ध केले. बोलणाऱ्याच्या आवाजाने एक पातळ आरसा थरथरे, त्यावरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश त्या थरथरीनुसार कमी-अधिक होई, आणि सुमारे २१३ मीटर अंतरावर सिलिनियमच्या साहाय्याने त्या प्रकाशाचा पुन्हा आवाज केला जाई. सिलिनियम हा अर्धसंवाहक पदार्थ आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. बेलजवळ कळ होती आणि ग्राहकही होता. त्याच्याजवळ नव्हता तो शिस्तबद्ध, आज्ञाधारक प्रकाश. सूर्याचा काय अथवा दिव्याचा काय, प्रकाश हा असंख्य अणूंनी आपापल्या मर्जीने केलेला कोलाहल असतो.

ह्या कोलाहलाला शिस्त लावता येईल असे सुचविणारा सिद्धांत आइन्स्टाइन ह्यांनी १९१७ मध्ये मांडला आणि १९६० मध्ये थिओडोर मेमन ह्यांनी माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर प्रत्यक्षात आणला. लेसरमधील सर्व प्रकाशलहरी एका तालात चालतात. दोन वर्षांनी, १९६२ च्या उत्तरार्धात, अमेरिकेतील चार गटांनी अल्पशा अंतराने अर्धसंवाहक लेसर सिद्ध केले. त्यांत रॉबर्ट हॉल ह्यांचा गट पहिला होता. गॅलियम आर्सेनाइडच्या एका कणाएवढ्या स्फटिकात दोन भिन्न गुणांचे थर एकमेकांस भिडलेले असतात. त्यांच्या संधीतून प्रवाह सोडला म्हणजे एका थरातील इलेक्ट्रॉन दुसऱ्या थरातील पोकळ्यांत पडतात आणि पडताना प्रकाश देतात. स्फटिकाच्या समोरासमोरच्या गुळगुळीत कडा आरशांचे काम करतात.

ह्या लेसरचे इतरांहून असलेले वैशिष्ट्य आपल्या दृष्टीने निर्णायक आहे. माणकाच्या लेसरला प्रखर दिव्याची गरज लागते. बारामतीस जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल ह्यांनी १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा लेसर शोधून काढला. तो अत्यंत शक्तिशाली असून धातू कापण्यास समर्थ आहे. परंतु आपला प्रकाश तो अतिवेगाने उघड-मीट करू शकत नाही. अर्धसंवाहक लेसर दुबळा आणि लहानसा असला, तरी त्याचा प्रकाश थेट विद्युत्प्रवाहाच्या आज्ञेत असतो. प्रवाह एका किमान मर्यादेपलीकडे गेला की प्रकाश प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो, आणि प्रवाह कमी होताच क्षणार्धात उतरतो. म्हणजे येथे दिवा आणि कळ ह्यांचे एकाच वस्तूत मीलन झाले.

४

ह्या शोधाची वार्ता मुंबईस पोहोचण्यास फार काळ लागला नाही. तुर्भे येथील अणुशक्ती संस्थेत (हिला पुढे १९६७ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले) १९६४ मध्ये गॅलियम आर्सेनाइडचा अर्धसंवाहक लेसर तयार करण्यात आला. मूळ शोधानंतर दोनच वर्षांनी तो आपल्या भूमीवर सिद्ध झाला, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांना बहुधा ठाऊक नसते. त्यानंतर लवकरच तुर्भे आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था ह्यांच्यामध्ये, सुमारे २० किलोमीटर अंतरावर, ह्या लेसरच्या किरणांवरून संदेशवहन करून दाखविण्यात आले. बेलच्या २१३ मीटरांशी हे अंतर ताडून पाहिले, म्हणजे शिस्तबद्ध प्रकाशाने काय साधले ते कळून येते.

तथापि हा प्रयोग ज्या स्वरूपात होता त्या स्वरूपात व्यवहारात येणे शक्य नव्हते. किरण मोकळ्या हवेतून जात होता. धुके, धूळ व पर्जन्य ही प्रकाशाची उघड वैरी आहेत, आणि मुंबईचा पावसाळा चार महिन्यांचा. शिवाय त्या काळचे अर्धसंवाहक लेसर द्रवरूप नायट्रोजनाच्या, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसच्या, थंडीत व क्षणभराच्या स्पंदांतच नीट काम देत. प्रकाशाला सुरक्षित वाट आणि लेसरला नित्याच्या तापमानात अखंड काम करण्याची क्षमता, ह्या दोहोंची उणीव होती.

५

ह्या दोन्ही उणिवा एकाच साली दूर झाल्या. १९६६ मध्ये चार्ल्स काव व जॉर्ज हॉकम ह्यांनी इंग्लंडमध्ये असे प्रतिपादन केले की, काचेच्या तंतूतील प्रकाशाची घट दर किलोमीटरला २० डेसिबेलपर्यंत खाली आणता आली, तर तो तंतू तारेची जागा घेऊ शकेल. २० डेसिबेल घट म्हणजे एक किलोमीटरनंतर मूळच्या शंभर भागांपैकी एकच भाग उरणे. आज हे प्रमाण हास्यास्पद वाटेल, परंतु त्या काळच्या उत्तम काचेतही घट ह्याच्या कितीतरी पट अधिक होती. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग ह्या काचकंपनीच्या संशोधकांनी ती मर्यादा गाठली. त्याच वर्षी लेनिनग्राड येथे अल्फेरॉव्ह ह्यांच्या गटाने व बेल प्रयोगशाळेत हायाशी आणि पॅनिश ह्यांनी सामान्य तापमानात अखंड चालणारा अर्धसंवाहक लेसर सिद्ध केला. एका पदार्थाचा अतिपातळ थर दुसऱ्या पदार्थाच्या दोन थरांत दाबून बसविल्यास इलेक्ट्रॉन व प्रकाश दोन्ही तेथेच कोंडले जातात, ही त्यामागील युक्ती होय. मुंबई-एडन समुद्रतारेला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे पूर्ण होत होती.

महाराष्ट्राचा ह्या इतिहासातील पुढचा टप्पा पुण्याचा. १९७९ मध्ये पुणे शहरात दूरध्वनी केंद्रांना परस्परांशी जोडणारी प्रकाशीय तंतूची यंत्रणा कार्यान्वित झाली. भारतातील अशा प्रकारची ती पहिली यंत्रणा होय. तुर्भ्याचा लेसर प्रयोगशाळेचा होता. पुण्याची यंत्रणा नागरिकांच्या नित्य व्यवहाराची होती. ह्या दोहोंमध्ये पंधरा वर्षांचे अंतर आहे.

६

आता ज्या भागाचा उल्लेख सामान्य इतिहासग्रंथांत ओझरताच केला जातो, त्याकडे वळू. लेसर आणि तंतू हाती आल्यावर काम संपले, असे अनेकांचे मत असते. वस्तुतः त्यानंतर जुनाच प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. तारमास्तराच्या हातास जशी मर्यादा होती, तशीच ती अर्धसंवाहक लेसरलाही आहे. लेसरचा प्रवाह वरखाली केला म्हणजे त्याच्यातील इलेक्ट्रॉनांची संख्या बदलते. त्या संख्येबरोबर स्फटिकाचा वक्रीभवनांक बदलतो. आणि वक्रीभवनांक बदलला की प्रकाशाची तरंगलांबीही किंचित सरकते. इंग्रजीत ह्या दोषास पक्ष्याच्या चिवचिवाटावरून नाव मिळाले आहे. काचेच्या तंतूत भिन्न तरंगलांबींचा प्रकाश भिन्न वेगाने जात असल्याने, अशा रीतीने 'सरकलेले' स्पंद दूर जाता जाता पसरतात आणि एकमेकांत मिसळतात. एखाद्या वक्त्याने भरभर बोलावे आणि प्रतिध्वनीमुळे त्याची अक्षरे एकमेकांवर चढावीत, तसा हा प्रकार आहे. सेकंदाला काही कोटी स्पंद व थोडे अंतर एवढ्यापुरते हे चालून जाते. हजारो किलोमीटरांसाठी व सेकंदाला हजार कोटी स्पंदांसाठी चालत नाही.

उपाय असा निघाला की, दिवा आणि कळ ह्यांची पुन्हा फारकत करावी. लेसरने एकसारखा, स्थिर प्रकाश देत राहावे आणि त्यात बदल घडविण्याचे काम बाहेरच्या निराळ्या घटकाने करावे. हाच बाह्य विरूपक. त्याचे दोन प्रमुख प्रकार प्रचलित आहेत. पहिल्यात लिथियम नायोबेट ह्या स्फटिकाचा उपयोग केला जातो. ह्या स्फटिकावर विद्युत् दाब दिला म्हणजे त्यातील प्रकाशाचा वेग अल्पसा बदलतो. येणारा प्रकाश दोन वाटांत विभागतात, एका वाटेवर दाब देऊन तेथील लहरी मागे-पुढे करतात, व शेवटी दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आणतात. लहरी एका तालात आल्या तर प्रकाश मिळतो. एकीचा माथा दुसरीच्या खळग्यावर पडला तर अंधार होतो. माख व झेंडर ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुचविलेली ही रचना मुळात मोजमापाच्या उपकरणाची होती. दुसऱ्या प्रकारात अर्धसंवाहकाच्या अतिपातळ थरांवर दाब देऊन त्यांची प्रकाश शोषण्याची शक्ती बदलतात. १९८४ मध्ये बेल प्रयोगशाळेत स्पष्ट झालेल्या एका परिणामावर ह्यातील पुष्कळ रचना आधारलेल्या आहेत. हा विरूपक लेसरच्याच तुकड्यावर घडविता येतो, हा त्याचा मोठा लाभ होय. २००४ मध्ये सिलिकनपासूनही वेगवान विरूपक सिद्ध झाला आणि संगणकाच्या कारखान्यांतील पद्धतींनी विरूपक घडविण्याचा मार्ग मोकळा झाला.

ह्या सुधारणेचे मोल समुद्रतारांच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १९८८ मध्ये अटलांटिक महासागराखालून टाकलेल्या पहिल्या प्रकाशीय तारेत तंतूंच्या प्रत्येक जोडीतून सेकंदाला २८ कोटी अंक जात. १९८७ च्या सुमारास अर्बियमयुक्त तंतूचा प्रवर्धक उपलब्ध झाला आणि क्षीण झालेला प्रकाश वाटेतच, त्याचे विजेत रूपांतर न करता, पुन्हा सबळ करता येऊ लागला. त्यामुळे एकाच तंतूतून अनेक तरंगलांबी पाठविणे शक्य झाले. २०१० च्या सुमारास प्रकाशाची केवळ तीव्रता नव्हे, तर त्याच्या लहरींची अवस्था व त्यांच्या कंपनाची दिशा ह्यांवरही संदेश चढविण्याची पद्धत रूढ झाली. पितळी कळेला 'आहे' आणि 'नाही' एवढेच दोन शब्द येत होते. आजच्या विरूपकाची वर्णमाला बरीच विस्तृत आहे. ह्या सर्व काळात तंतूच्या मूळ रचनेत जेवढे बदल झाले, त्याहून कितीतरी अधिक कळेत झाले. निबंधाच्या आरंभी केलेल्या विधानास ह्याहून मोठा पुरावा देण्याची आवश्यकता नाही.

१९९७ मध्ये इंग्लंडपासून जपानपर्यंत जाणारी 'फ्लॅग' ही प्रकाशीय समुद्रतार कार्यान्वित झाली आणि तिचे एक टोक मुंबईस किनाऱ्याला लागले. १८७० च्या तारेप्रमाणे तिचाही युरोपकडील मार्ग तांबड्या समुद्रातूनच गेला आहे. मार्ग तोच राहिला. कळ मात्र पूर्णपणे बदलली.

७

येथवर 'विरूपक' हा शब्द आम्ही कोणतीही टीका न करता वापरला आहे. मराठी विश्वकोशाने इंग्रजी 'मॉड्युलेशन' ह्या संज्ञेसाठी 'विरूपण' हा पर्याय योजिला असून तो आपल्या शास्त्रीय लेखनात बऱ्यापैकी रूढ आहे. ह्या शब्दाची भाषिक परीक्षा करणे मात्र अगत्याचे आहे. 'वि' हा उपसर्ग द्व्यर्थी आहे. 'विशेष', 'विविध', 'विकास' ह्या शब्दांत तो वेगळेपणा अथवा विस्तार दर्शवितो. 'विद्रूप', 'विकृत', 'विसंगत' ह्यांत तो बिघाड दर्शवितो. विश्वकोशकारांना पहिला अर्थ अभिप्रेत असावा, हे उघड आहे. परंतु 'रूप' ह्या शब्दाला लागून येणारा 'वि' मराठी वाचकाच्या कानाला दुसऱ्याच अर्थाने ऐकू येतो, कारण 'विरूप' म्हणजे कुरूप हा अर्थ त्याच्या परिचयाचा आहे. शेजारच्या हिंदीने तर 'विरूपण' हा शब्द रूप बिघडणे ह्याच अर्थी निश्चित केला असून मॉड्युलेशनसाठी 'मॉडुलन' असा ध्वनिसदृश शब्द घडविला आहे. म्हणजे एकाच लिपीतील एकच शब्द नर्मदेच्या उत्तरेस संदेशातील दोष दर्शवितो आणि दक्षिणेस खुद्द संदेश घडविण्याची क्रिया दर्शवितो. दोन्ही भाषांतील ग्रंथ वाचणाऱ्या विदर्भातील विद्यार्थ्याची ह्यात किती ओढाताण होत असेल, ह्याची कल्पना करता येईल.

मूळ लॅटिन शब्दात माप व प्रमाण ह्यांचा भाव आहे. बिघाडाचा लेशही नाही. वाहक लहरीला प्रमाणबद्ध चढ-उतार देणे, एवढाच त्याचा आशय. केवळ 'रूपण' असे म्हटले असते तरी अर्थ अधिक निकट आला असता. तथापि रूढ झालेली संज्ञा आज बदलावी, असा आमचा आग्रह नाही. परिभाषेत वारंवार फेरबदल करणे हा स्वतःच मोठा दोष आहे. एवढेच सुचवावयाचे की, 'विरूपण' शिकविताना त्यातील 'वि' हा 'विशेष' मधला आहे, हे प्रथम सांगितले जावे. संज्ञा चुकीच्या अर्थाने कानावर पडली, तर विद्यार्थी संपूर्ण यंत्रणेतील सर्वांत कल्पक भागाला दोष समजून बसेल.

बोलीने ह्या बाबतीत आपला स्वतंत्र मार्ग काढला आहे. 'तार' ह्या एकाच शब्दाने पूर्वी धातूची तार आणि तिच्यावरून आलेला निरोप असे दोन्ही अर्थ दाखविले जात. माध्यम आणि संदेश ह्यांची ही एकरूपता तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद होईपर्यंत टिकली. आज खेड्यात 'रेंज' आहे की नाही एवढेच विचारले जाते. ह्या शब्दात ऐकू येण्याची चिंता आहे. बोलण्याच्या साधनाचा मात्र मागमूस नाही.

८

शेवटी पुन्हा बुलढाणा जिल्ह्याचा विचार करू. ग्रामपंचायती प्रकाशीय तंतूने जोडण्याची राष्ट्रीय योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे ती भारतनेट ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या पहिल्या टप्प्यातील रचनेनुसार ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील पेटीत एक अर्धसंवाहक लेसर असतो. केंद्राकडून १.४९ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश येतो आणि गावाकडून १.३१ मायक्रोमीटरचा प्रकाश परत जातो. येणारा ओघ सेकंदाला सुमारे अडीचशे कोटी अंकांचा, जाणारा त्याच्या निम्मा. त्या लहानशा पेटीत १९६२ चा शोध, १९७० ची युक्ती आणि तारमास्तराची कळ अशी तिन्ही एकत्र नांदत आहेत. १८७० च्या खामगावशी तुलना करता एक फरक मूलभूत आहे : कळ आता तारेच्या ह्याही टोकाला आहे.

परंतु ती कळ कोणी घडविली, हा प्रश्न शिल्लक राहतो. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर येथे १९९० च्या दशकापासून प्रकाशीय तंतूचे उत्पादन होत आले आहे आणि तो तंतू परदेशीही जातो. म्हणजे माध्यम आपण घडवितो. लेसर व विरूपक ह्यांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन मात्र, १९६४ मध्ये तुर्भे येथे इतक्या लवकर आरंभ होऊनही, आपल्याकडे रुजले नाही. प्रयोगशाळेतील पहिले यश आणि कारखान्यातील नित्याचे यश ह्यांमधील दरी ज्ञानाच्या अभावामुळे पडली असे म्हणता येत नाही. शुद्ध स्फटिक वाढविणारे कारागीर, त्यांना वर्षानुवर्षे पोसणारी मागणी, आणि ते ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे नेणारी भाषा, ह्या तिहींची सांगड तेथे आवश्यक होती.

पहिल्या दोन गोष्टी उद्योग व शासन ह्यांच्या कक्षेत येतात. तिसरी मात्र विद्यापीठांच्या कक्षेत येते, आणि त्यात भाषेच्या विभागांचा वाटा लहान नाही. खामगावच्या शेतकऱ्याला १८७० मध्ये भाव ऐकू आला, पण त्याला उत्तर देता आले नाही. त्याच्या पणतूच्या मुलांना पेटीतील लेसर वापरता येतो. तो कसा बोलतो हे त्यांना स्वतःच्या भाषेत समजावून देणे, हे कार्य अद्याप व्हावयाचे आहे.